स्लीपिंग बॅगेचे अर्थकारण

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हेलीव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावरचा त्या देशातील पहिला दूरध्वनी या गावातून केला गेला, एवढीच त्याची प्रसिद्धी. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, हे नाव पुन्हा वॉशिंग्टनमध्ये ऐकू येऊ लागले. या वेळचे निमित्त मात्र अगदीच क्षुल्लक वाटावे असे होते. गावात एक्सेल आउटडोअर्स या कंपनीचा स्लीपिंग बॅगांचा कारखाना होता आणि बांगलादेशातून येणाऱ्या स्वस्त मालामुळे तो टिकणे कठीण झाले आहे, अशी त्याची तक्रार होती. अलाबामाचे सेनेटर जेफ सेशन्स यांनी ती तक्रार उचलून धरली आणि ती दूर होत नाही तोवर विकसनशील देशांना व्यापारी सवलती देणाऱ्या सबंध योजनेचेच नूतनीकरण अडवून धरले.

ही योजना काही लहान नव्हती. १९७६ पासून अमल असलेल्या या अग्रक्रम योजनेखाली सव्वाशेहून अधिक देशांचा हजारो प्रकारचा माल अमेरिकेत बिनजकात येत असे. सेनेटमध्ये एकमताने होणाऱ्या कामकाजात एका सभासदाचा विरोधही पुरेसा ठरतो. तसा तो ठरला आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी योजनेची मुदत संपली. ऑक्टोबर २०११ मध्ये ती पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा सुरू होईपर्यंत दहा महिने निरनिराळ्या देशांतील माल जकात भरून अमेरिकेच्या बंदरांत उतरत होता. योजनेचा सर्वाधिक लाभ घेणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक बराच वरचा असल्यामुळे अलाबामातल्या एका शिवणखात्याच्या गाऱ्हाण्याची झळ भारतीय निर्यातदारांनाही लागली. पुढे २०११ संपता संपता पिसांखेरीज अन्य भरणाच्या स्लीपिंग बॅगा सवलतीच्या यादीतून वगळण्यात आल्या आणि हेलीव्हिलचे समाधान झाले.

महासत्तेच्या व्यापारधोरणाने एका पांघरुणापायी दहा महिने अडून बसावे, यावर हसणे सोपे आहे. परंतु त्या कारखान्याचा हिशेब खोटा नव्हता. कृत्रिम भरणाच्या स्लीपिंग बॅगेवर अमेरिकेची जकात होती नऊ टक्के. चीनहून आलेल्या बॅगेला ती भरावी लागे, बांगलादेशच्या बॅगेला ती माफ होती. आणि ज्या कृत्रिम धाग्याच्या कापडापासून ही बॅग शिवायची, त्यातील अनेक प्रकारच्या कापडांवर त्याच अमेरिकेत जवळजवळ पंधरा टक्के जकात होती. म्हणजे कापड आणून घरी शिवणाऱ्याला अधिक कर आणि परदेशात शिवून तयार माल आणणाऱ्याला कमी किंवा शून्य. कच्च्या मालावर जास्त आणि पक्क्या मालावर कमी असा हा उलटा क्रम भारतीय उद्योजकालाही चांगला परिचित आहे. दिल्लीतील प्रत्येक अर्थसंकल्पापूर्वी त्यासंबंधीची निवेदने अर्थखात्याकडे जातातच. सरकारने स्वतःच तिरकी केलेली तागडी सरळ करून मागणे याला संरक्षणाची भीक म्हणता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. बांगलादेशात ज्यांच्या हातांना या शिवणकामाने काम मिळाले त्यांची गरज अलाबामातील कामगारांपेक्षा कमी नव्हती आणि योजनेचा हेतूच मुळी त्यांना बाजार मिळावा हा होता. मात्र त्या स्वस्ताईत कशाकशाची किंमत धरलेली नसते, हे पुढे दोनच वर्षांत जगाला दिसले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील अकराशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर दोन महिन्यांनी अमेरिकेने बांगलादेशच्या सवलतीच स्थगित केल्या. स्लीपिंग बॅगांचा त्या इमारतीशी काही संबंध नव्हता. परंतु २०११ च्या वादात जकातीचे टक्के मोजणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेथील भिंतींची आठवण झाली होती, हे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

या वादातील सर्वांत मोठी उणीव याहूनही वेगळी होती. काम कोणाला, कर किती, कायदा कोणता, या प्रश्नांचा कीस पडला. परंतु ज्या वस्तूवरून हे सारे रण माजले ती वस्तू थंडीत माणसाला कितपत ऊब देते, हा प्रश्न जवळजवळ बाजूलाच राहिला. हेलीव्हिलची बॅग चांगली की ढाक्याची, याचे उत्तर जकातीच्या तक्त्यात मिळणारे नव्हते. स्वदेशी माल विरुद्ध स्वस्त आयात हा वाद बहुतेक ठिकाणी असाच होतो आणि भारतातही तो याच वळणाने चालला आहे.

स्लीपिंग बॅग ही मोठी फसवी वस्तू आहे. परिभाषाकारांनी तिला निद्रापिशवी म्हटले तरी गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानात तो शब्द कोणी उच्चारणार नाही, आणि गोधडीशी तिचे नाते असले तरी ती गोधडी नव्हे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून दोरा मारलेली गोधडी घरातल्यांनीच शिवलेली असते. तिच्यात काय आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. गादी भरणारा पिंजारी दारात बसून डोळ्यांदेखत कापूस पिंजत असे, आणि धनगराचे घोंगडे तर बोटांत धरले की कळते. स्लीपिंग बॅगेचे तसे नाही. तिचा सगळा गुण आत, शिवलेल्या अस्तराच्या मध्ये असतो आणि तेथे डोळा पोचत नाही.

वास्तविक ती स्वतः ऊब निर्माण करीतच नाही. माणसाच्या अंगची ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच तिचे काम असते आणि ते काम कापड करीत नाही, पीस करीत नाही, धागाही करीत नाही. ते करते त्यांच्या जाळ्यात अडकून स्थिर राहिलेली हवा. बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे फार थोड्या वजनात फार मोठी हवा धरून ठेवतात, म्हणून ती सर्वांत मोलाची. एक औंस पीस फुलून किती घनइंच जागा व्यापते यावरून त्याची प्रत ठरते. साधारण मालात हा आकडा साडेपाचशेच्या आसपास असतो आणि उत्तम मालात आठशेच्या पुढे जातो. पीस भिजले की मात्र ते गोळा होते आणि हवा निघून जाते. पोकळ कृत्रिम धाग्याचा भरणा वजनाला जड आणि गुंडाळायला मोठा खरा, पण ओल्या हवेत तो अधिक भरवशाचा असतो. सह्याद्रीत पावसाळा सरता सरता किंवा दव पडणाऱ्या रात्री उघड्या माचीवर झोपणाऱ्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही.

शिवणीतही असाच भेद असतो. आतले आणि बाहेरचे कापड एकत्र धरून सरळ टाके मारले की काम स्वस्तात होते. पण प्रत्येक टाक्याच्या रेषेवर भरणा दाबला जाऊन शून्य होतो आणि तेथून थंडी शिरते. दोन कापडांमध्ये आडव्या पट्ट्या लावून कप्पे पाडले तर ऊब टिकते, परंतु त्यासाठी वेळही अधिक लागतो आणि कुशल हातही. चेनच्या मागे भरणा असलेली पट्टी आहे की नाही, डोक्याकडची टोपी आवळता येते की नाही, अशा गोष्टींवर रात्रीची झोप अवलंबून असते. पाठीखालचा भरणा अंगाच्या वजनाने चेपला जातो, त्यामुळे खाली चटई नसेल तर महागातली बॅगही निम्मी निकामी ठरते. दुकानाच्या उबदार खोलीत, दिव्याच्या झगझगाटात, यातले काहीही ग्राहकाला जाणवत नाही. त्याला दिसतात तीनच गोष्टी: रंग, किंमत आणि पिशवीवर छापलेला उणे दहा किंवा उणे पंधरा असा एखादा आकडा.

हा आकडा कोठून येतो, यात सगळा प्रश्न सामावलेला आहे. युरोपातही एके काळी प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाने तो छापीत असे. २००२ साली तेथे ईएन १३५३७ हे प्रमाण तयार झाले आणि २०१६ पासून त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने घेतली. चाचणीची रीत अशी: आतून तापविलेला आणि अंगभर तापमापके लावलेला पुतळा बॅगेत घालून थंड खोलीत चटईवर निजवायचा आणि त्याचे तापमान कायम राखण्यास किती वीज लागते हे मोजायचे. त्या मोजणीवरून तीन आकडे काढले जातात. पहिला सुखाचा: पंचवीस वर्षांची, साठ किलो वजनाची प्रमाणभूत स्त्री या तापमानापर्यंत सैल निजून रात्र काढू शकते. दुसरा मर्यादेचा: त्याच वयाचा, त्र्याहत्तर किलोचा पुरुष अंग आखडून आठ तास झोप घेऊ शकतो. तिसरा आत्यंतिक: या थंडीत ती स्त्री सहा तास कशीबशी जिवंत राहील, एवढेच तो सांगतो. त्या आकड्यापाशी झोप नाही आणि हिमदंशाचा धोका आहे.

उत्तम बॅगेवर तिन्ही आकडे छापलेले असतात. अप्रामाणिक विक्रेता तिसरा आकडा ठळक छापतो आणि पहिले दोन गाळतो. त्याहूनही अप्रामाणिक विक्रेता पुतळा, खोली आणि मोजणी या भानगडीत न पडता मनाला येईल तो आकडा घालतो. मुंबई-पुण्याच्या बाजारांत, आणि आता घरपोच माल पाठविणाऱ्या विक्रीमंचांवर, दिसणाऱ्या कित्येक स्वस्त बॅगांवर उणे अंशांचे आकडे असतात. ते कोणत्या चाचणीचे आणि तीनपैकी कोणते, याचा मात्र उल्लेख नसतो. माल परदेशी असो वा देशी, या बाबतीत दोघांत फारसा फरक करता येत नाही.

अशा बाजारात काय घडते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते. त्याच कामाबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. वस्तूचा खरा गुण विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशी स्थिती असली की घेणारा सरासरी किमतीपलीकडे जात नाही. त्या किमतीत चांगला माल देणे परवडत नाही, म्हणून चांगला माल देणारा दुकान आवरतो. मग सरासरी आणखी घसरते आणि तिच्याबरोबर किंमतही. पुण्यातील किंवा कानपुरातील एखाद्या लहान कारखानदाराने कप्पे पाडून, पुरेसा भरणा घालून, खरोखर शून्य अंशाला चालणारी बॅग शिवली आणि तिच्यावर इमानाने शून्य असे छापले, तर शेजारच्या फळीवर निम्म्या किमतीत उणे दहा लिहिलेली बॅग असतेच. ग्राहक उणे दहा घेऊन जातो. त्याच्या जागी कोणीही तेच करील. पुढच्या हंगामात कारखानदारापुढे दोनच वाटा उरतात: आकडा वाढवावा, किंवा शिवणयंत्रे शाळेच्या दप्तरांकडे वळवावीत.

येथे आयातीवर जकात वाढविली तर काय होईल? निम्म्या किमतीची परदेशी बॅग पाऊण किमतीची होईल. तिची जागा घ्यायला देशी बनावटीची, तेवढाच पातळ भरणा असलेली आणि तोच उणे दहाचा शिक्का मिरविणारी बॅग येईल. इमानदार कारखानदाराची अडचण होती तेथेच राहील. त्याची स्पर्धा परदेशाशी कमी आणि खोट्या आकड्याशी अधिक होती. कच्च्या आणि पक्क्या मालाचा उलटा क्रम सरळ करणे न्यायाचेच आहे. परंतु खोट्या आकड्याला जकात भरावी लागत नाही.

स्वस्त आयातीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्वस्त बॅग म्हणजे वाईट बॅग नव्हे. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या पायथ्याशी एक रात्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला आठशे घनइंचांच्या पिसांची गरज नसते. दहा अंशांपर्यंत निभावणारी, हलकी, धुता येणारी बॅग त्याला पुरते. एके काळी होल्डॉल आणि वळकटी बांधून सहलीला निघणाऱ्या मुलांच्या खांद्यावरचे ओझे या स्वस्त मालाने खरोखर उतरविले आहे. तक्रार आहे ती एवढीच की दहा अंशांच्या बॅगेवर दहा असे लिहिलेले नसते. हाच मुलगा पुढच्या उन्हाळ्यात तीच बॅग घेऊन हिमालयातील शिबिराला जातो, आणि बारा-तेरा हजार फुटांवरच्या तंबूत पहिल्याच रात्री त्याला छापील आकड्याचा अर्थ कळतो. बरोबर अनुभवी प्रशिक्षक असले तर जास्तीची पांघरुणे मिळतात. स्वतःच्या हिमतीवर निघालेल्या चौघा-पाचांच्या टोळीला ती मिळत नाहीत.

भारतातील चित्राला आणखी एक विचित्र पदर आहे. बाजारात परदेशी बॅग स्वस्त म्हणून येते, तर सैन्यात ती महाग असूनही येते. १९६२ च्या शरद ऋतूत नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात आणि अपुऱ्या पांघरुणांनिशी चिनी फौजेसमोर उभे होते. त्यांचे सेनानी ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी त्या दैन्याची हकीकत पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवली आहे. वास्तविक त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६० च्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेसाठी साहित्याचा बराच भाग देशातच बनवून घेण्यात आला होता. ती मोहीम शिखराच्या सुमारे सातशे फूट खालून प्रतिकूल हवामानामुळे परतली. म्हणजे मूठभर गिर्यारोहकांसाठी जे शिवता आले ते हजारो जवानांसाठी शिवले गेले नव्हते. बावीस वर्षांनंतर, एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचेनवर चढले तेव्हाही अतिशीत प्रदेशातील कपडे युरोपातून घाईने आणावे लागले. पाकिस्ताननेही लंडनच्या ज्या व्यापाऱ्याकडे अशाच कपड्यांची मागणी नोंदविली होती तोच भारताचाही पुरवठादार होता आणि त्यावरूनच पाकिस्तानचा बेत उघड झाला, असे सांगितले जाते. शत्रू आणि मित्र यांचा शिंपी एकच असल्याचा असा फायदा दरवेळी होईल यावर मात्र विसंबता येत नाही.

त्यानंतरच्या चार दशकांत सियाचेनवर जवान अखंड तैनात आहेत. या काळात देशाने अण्वस्त्रे बनविली, चंद्रावर यान उतरविले. उंचावरील थंडीच्या कपड्यांसाठी आणि स्लीपिंग बॅगांसाठी मात्र परदेशी मालाकडे पाहणे चालूच राहिले. २०१९-२० च्या हिवाळ्यात संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात उंच प्रदेशातील साहित्याच्या तुटवड्यावर ठपका होताच. शिवाय मुखवटे, जाकिटे आणि स्लीपिंग बॅगा या वस्तू जुन्याच नमुन्याच्या खरेदी केल्यामुळे सुधारित मालाचा लाभ जवानांना मिळाला नाही, असेही त्यात नोंदविले होते. हा शेरा नीट वाचण्यासारखा आहे. त्यात स्वदेशी-परदेशीचा उल्लेख नाही. दर्जाचे वर्णन कागदावर जुने राहिले, म्हणून वस्तूही जुनी आली, एवढेच त्यात म्हटले आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेने अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांपर्यंतच्या थंडीसाठी तयार केलेल्या तीन थरांच्या पोशाखाचे तंत्र पाच भारतीय कंपन्यांच्या हवाली केले. त्याआधी दोन महिने, १ ऑक्टोबर २०२१ रोजी, आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या होत्या आणि सैनिकांच्या कपड्यालत्त्याचे काम त्यांतील ट्रूप कम्फर्ट्स या कानपूरच्या कंपनीकडे गेले. ही पावले योग्य दिशेची आहेत. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधक आहे. नागरी बाजारात स्वस्त आयातीला दार मोकळे ठेवणाऱ्या त्या देशाने १९४१ पासून बेरी दुरुस्ती या नावाने ओळखला जाणारा नियम पाळला आहे. त्यान्वये सैन्यासाठी घ्यायचे कापड, कपडे आणि तंबू, धाग्यापासून टाक्यापर्यंत, देशातच बनलेले असावे लागतात. त्यामुळे आतली, बाहेरची आणि त्यावरची खोळ अशी एकात एक बसणारी लष्करी स्लीपिंग बॅग बनविणारे कारखाने तेथे टिकून राहिले. परंतु या नियमाला अर्थ आला तो त्याच्या जोडीला असलेल्या तपशीलवार मोजमापांमुळे आणि तपासणीमुळे. ‘देशी घ्या’ एवढीच आज्ञा असती तर तीही एका वर्गाची मिरास झाली असती.

भारतापाशी या उद्योगाला लागणारे बरेच काही आहे. पॉलिएस्टर धाग्याच्या उत्पादनात चीनच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो आणि पोकळ धाग्याचा भरणा येथे बनतो. भिवंडी, इचलकरंजी, सुरत ही कापडाची गावे आहेत आणि शिवणाऱ्या हातांचा तुटवडा नाही. उत्तम पिसांच्या बाबतीत मात्र चीनकडे पाहावे लागते, कारण ती बदकांच्या मांसव्यवसायाची उपउत्पत्ती आहे आणि तो व्यवसाय तेथे अफाट आहे. तेव्हा शंभर टक्के स्वदेशीचा हट्ट येथे व्यर्थ आहे. पीस बाहेरचे आणि बॅग येथली, यात कमीपणा नाही. आणखी एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. स्लीपिंग बॅग म्हणजे मुख्यतः हवा. समुद्रमार्गे ती आणणे म्हणजे मोठाल्या पेट्यांतून हवा वाहून आणण्यासारखे आहे. चीनमधील आपले काही काम हेलीव्हिलच्या कंपनीने नंतर मायदेशी परत आणले, त्याच्या मुळाशी असे वाहतुकीचे आणि मजुरीचे हिशेब असावेत. ते भारतातही मांडता येण्यासारखे आहेत.

राहतो तो खोट्या आकड्याचा बंदोबस्त. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींवर दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे आणि ते प्राधिकरण २०२० पासून अस्तित्वात आहे. उणे दहा हा आकडा म्हणजे वस्तूच्या गुणाचा दावा होय. दावा करणाऱ्याने चाचणीचा दाखला ठेवावा आणि मागितल्यास दाखवावा, एवढे त्या प्राधिकरणाने एका आदेशाने सांगितले तरी निम्मे आकडे पिशव्यांवरून पुसले जातील. ज्याला चाचणी करायची नाही त्याने आकडा छापू नये. भरणा कशाचा आणि किती ग्रॅम एवढेच छापावे. ग्राहकाला तेही पुष्कळ आहे.

यावर लहान कारखानदारांचा आक्षेप ठरलेला आहे. चाचणीचा खर्च त्यांना झेपणार नाही आणि हे सगळे मोठ्यांच्या पथ्यावर पडेल. आक्षेप वजनदार आहे. प्रमाणपत्रांच्या नावाने लघुउद्योगांची अडवणूक या देशात झालेली आहे. परंतु येथे प्रत्येक बॅग तपासायची नसून नमुना तपासायचा आहे. एका नमुन्याची एकदा चाचणी झाली की भरणा आणि शिवण बदलेपर्यंत ती पुरते. सरकारला उद्योगाला मदतच करावयाची असेल तर जकातीच्या उत्पन्नातून घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या एखाद्या वस्त्रसंशोधन संस्थेत तापता पुतळा आणि थंड खोली यांची सोय लघुउद्योगांसाठी अल्प दरात करून द्यावी. ही एकाच वेळची गुंतवणूक आहे. संरक्षण खात्याने आपल्या नाकारलेल्या आणि स्वीकारलेल्या नमुन्यांचे निष्कर्ष, गुप्ततेला बाध न आणता, या कारखानदारांना उपलब्ध करून दिले तर त्यांची काही वर्षांची चाचपड वाचेल.

अमेरिकेची ती सवलतयोजना २०२० च्या अखेरीस पुन्हा मुदत संपून थांबली आणि तिचे नूतनीकरण पुढची कित्येक वर्षे रखडले. भारताला तर तिच्यातून जून २०१९ मध्येच वगळण्यात आले होते. हेलीव्हिलला जे संरक्षण झगडून मिळवावे लागले ते पुढे काहीही न करता सर्वांनाच मिळाले. येथे दिवाळीची सुटी जवळ आली की शाळा-महाविद्यालयांच्या सहली ठरू लागतील आणि एखादे शिक्षक चाळीस मुलांसाठी चाळीस बॅगा घ्यायला दुकानात जातील. पिशवीवरचा आकडा सुखाचा, मर्यादेचा की आत्यंतिक, असे त्यांनी विचारले तर विक्रेता बहुधा मालकाकडे बघेल, आणि मालक रंगांचा तक्ता पुढे करील.